टिनावरचं बयान

बिघडलेल्या गाडीबरोबर आलेला माणूस पहिली पाच मिनिटं खोटंच बोलतो, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. म्हणून ती पाच मिनिटं ते ऐकतच नसत. एक बीडी पेटवायची, समोरच्या मोहाच्या झाडाकडे बघत सावकाश ओढायची, थोटूक विझवून कानावर ठेवायचं आणि मग म्हणायचं, "हां. आता बयान द्या."

गाडीला काय झालं हे त्यांना तुमच्याकडून नको असायचं. ते गाडीच सांगेल. तुम्ही गाडीला काय केलं, ते बोला. शेवटची कोणी चालवली, कुठे नेली, किती माणसं कोंबली, वाटेत काय ऐकू आलं आणि ते ऐकूनही तुम्ही का थांबला नाहीत. ज्या ज्या माणसानं त्या गाडीला हात लावला असेल, त्या प्रत्येकाचं बयान झाल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नसत. मालक घाईत असला तर त्याला बसायला एक रिकामा ड्रम मिळे. घाईत नसला तरी तोच ड्रम मिळे.

मोहाडीच्या बाहेर त्यांची टिनाची शेड होती. तिची रस्त्याकडची भिंत बयानांसाठी राखून ठेवलेली. चौथीपर्यंत शिकलेलं, मोठं, वाटोळं अक्षर, पांढरा खडू. माणसाचं नाव आणि पुढे तो काय म्हणाला ते. पटलं नाही तर खाली छोट्या अक्षरात 'हे पटत नाही' असा शेरा. गाडी दुरुस्त होऊन गेली की ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं, तोवर कोणाच्याही विनंतीला भीक घालायची नाही. बाजाराच्या दिवशी येणारे-जाणारे लोक तिथे थांबून वाचायचे. वर्तमानपत्र गावात दुपारी यायचं आणि त्यात ओळखीचं कोणी नसायचं. त्यामुळे टिनाला वाचक जास्त होते.

ही सवय त्यांना कुठून लागली याविषयी बरीच मतं होती. माझं आवडतं मत असं की, तरुणपणी ते एकदा भंडाऱ्याच्या कोर्टात साक्षीदार म्हणून गेले होते. तिथे सगळ्यांवर वकिलांची छाप पडते, काहींवर न्यायाधीशाची पडते. मिस्त्रींवर खाली बसून निमूट लिहून घेणाऱ्या कारकुनाची पडली. हे खरं की खोटं, मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमची गाडी कोणती?" मी म्हटलं, गाडी नाही, सहज विचारतोय. ते म्हणाले, "मंग मी बयान काहून देऊ?"

एका तांदूळ गिरणीवाल्याचा किस्सा सांगतो. शेठचा ट्रक आला, क्लच जळालेला. शेठनं बयान दिलं की गाडी आठ दिवस गिरणीच्या आवारातून हललीच नाही. मिस्त्रींनी ते लिहिलं, पटत नाही असा शेराही लिहिला आणि ड्रायव्हरकडे वळले. ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, मंगळवारी तुमसरला तमाशा होता, शेठ आणि त्यांचे दहा-बारा मित्र मागे बसून गेले, येताना चढावर गाडी खेचेना. तेही टिनावर चढलं. बुधवारी बाजार. शेठाणीबाई भाजी घ्यायला आल्या आणि भाजी न घेताच परत गेल्या. शेठनं पुढे मिस्त्रींकडे गाडी पाठवणं बंद केलं; पण वर्षभरानं पुन्हा सुरू केलं, कारण बाकीच्या मिस्त्र्यांकडे त्याचा क्लच टिकेना.

गिअरबॉक्स उघडायचा तर त्यांचा थाट वेगळा. शेडमध्ये चपला बंद. जमिनीवर पाणी शिंपडायचं, धूळ बसू द्यायची आणि मग एक पांढरंशुभ्र धोतर अंथरायचं. त्यावर एकेक भाग काढून ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडायचा. हे धोतर त्यांच्या लग्नातल्या आहेरातलं. त्यांच्या बाई मला एकदा चहा देताना म्हणाल्या की यानं ते अंगाला एक दिवस लावलं नाही, माझ्या भावानं नागपुरातून आणलेलं, आणि आता पाहा, गाड्यांची आतडी वाळवून राहिला. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "घरी कोन पाह्यते मले? इथं सारं गाव पाह्यते." बाईंनी चहाचा दुसरा कप त्यांना दिला नाही.

गिअरबॉक्समधल्या दोन शाफ्टांना ते थोरला आणि धाकला म्हणत. थोरला वर, धाकला खाली तेलात बुडालेला. थोरल्याचा आवाज मोठा, म्हणून सगळे मिस्त्री आधी त्यालाच धरतात, असं त्यांचं म्हणणं. "धाकला बोलत नाही. तो निस्ता झिजते." हे ते अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला आपल्या घरातल्या कोणाची तरी आठवण यावी. स्वतः मिस्त्री चार भावांत धाकटे होते, हे मला फार नंतर कळलं.

आता आमच्या जीपकडे येतो.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. मी तेव्हा ज्या खात्यात होतो ते खातं आता राहिलेलं नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. शेतकऱ्यांना सुधारित बियाणं पटवून देणं हे आमचं काम. एक साहेब, त्यांच्या हाताखाली मी, म्हणजे छोटे साहेब, एक कारकून, एक जीप आणि त्या जीपचा ड्रायव्हर दशरथ. दशरथ पवनीकडच्या कोंढ्याचा. अकरा वर्षं रोजंदारीवर. त्या वर्षी कुठे त्याची कायम करण्याची फाईल हलली होती आणि साहेबांच्या टेबलापर्यंत येऊन थांबली होती. साहेबांनी 'चालचलन समाधानकारक' एवढे दोन शब्द लिहून वर पाठवायचं बाकी होतं.

नेमकी आषाढात जीप रडायला लागली. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरात कर्कश रडायची, वरच्या गिअरात गप्प. आम्ही ती मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींची बीडी संपली. बयानं सुरू झाली.

साहेबांचं बयान एका ओळीचं होतं: मी मागे बसतो. दशरथचं लांबलचक; कुठल्या रस्त्यावर कोणता खड्डा, कुठला नाला किती पाण्यात ओलांडला, सगळं. मग माझी पाळी आली. मी दौऱ्यांची तारीखवार यादी दिली. शिकलेला माणूस, व्यवस्थित बोललो. फक्त त्या यादीत सिहोरा नव्हतं.

सिहोऱ्याची गोष्ट अशी. चैत्रात दशरथ दोन दिवस गावी गेला होता. जीप ड्रायव्हरशिवाय कोणी चालवायची नाही असा नियम होता, आणि मी नुकताच स्टिअरिंग धरायला शिकलो होतो. दशरथ निघायच्या आधीच मी त्याच्या मागे लागून किल्ली घेतली आणि सिहोऱ्याला एकट्यानं जीप नेली. गावात शिरलो तेव्हा काय रुबाब होता माझा! बियाण्यावर भाषण दिलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं जीपखाली बोट दाखवलं. गिअरबॉक्समधून तेल ठिबकत होतं. परतीचा रस्ता लांब, पेट्रोलपंप त्याहून लांब. मी पुस्तकात वाचलं होतं की तेलाविना गिअरबॉक्स जळतो. तेव्हा मी अगदी अधिकारवाणीनं म्हणालो, तेल आणा.

सिहोऱ्यात तेल आणा म्हटलं की काय येणार? धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, मागून पेरलेला जवस नुकताच निघालेला, घाणे चालू. पितळेचा लोटा भरून ताजं, सोनेरी, जवसाचं तेल आलं. मी विचार केला, तेल ते तेल. नरसाळं नव्हतं. अंगणातल्या पपईचा लांब पोकळ देठ कापला, गिअरच्या दांड्याजवळचं रबर उचलून तो खालचं बूच काढून त्या भोकात सोडला आणि लोटा त्यात रिकामा केला. गावकरी कौतुकानं बघत होते. जीप बिनबोभाट घरी आली. मी स्वतःवर इतका खूश होतो की कोणाला सांगावंसं फार वाटत होतं. नियम आडवा आला म्हणून गप्प बसलो.

तर धोतर अंथरलं गेलं. साहेब, दशरथ, कारकून आणि मी अनवाणी उभे. मिस्त्रींनी झाकण काढलं, बोट आत घातलं आणि नाकाशी नेलं. धाकल्या शाफ्टवर पिवळट, चिकट साय चढली होती. दाराला वार्निश लावावं तशी. त्याच्या बेअरिंगमधले सुईएवढे रोलर एकमेकांना चिकटून बसले होते. काही फिरलेच नव्हते, जागच्या जागी घासून चपटे झाले होते. जवसाचं तेल हवा आणि उष्णता मिळाली की सुकून चामड्यासारखं होतं. सुतारांना हे माहीत असतं. मला नव्हतं.

"हे तं जवस हाये," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी दशरथकडे पाहिलं. का, तर त्याच्या डब्यात रोज जवसाची चटणी असायची. एवढा पुरावा आमच्या कचेरीला पुरला. साहेबांनी चपला घातल्या आणि निघाले. मी तिथेच उभा होतो, माझ्या पायाशी माझा गुन्हा धोतरावर मांडून ठेवला होता, आणि मी त्याच्याकडे प्रदर्शनातल्या एखाद्या वस्तूकडे बघावं तसा बघत होतो.

दोन दिवसांत कारकुनानं दशरथला पटवलं की माफीनामा लिहून दे, कबूल केलंस तर साहेब नरम पडतील. दशरथनं अंगठा नाही, सही केली. सहीचा त्याला अभिमान होता. वास्तविक साहेब नरम पडणार नव्हते. माफीनामा आणि त्याला जोडून मिस्त्रींचा बिघाडाचा दाखला वर गेला की कायम करण्याची फाईल मागे फिरणार, हे कारकुनाला ठाऊक होतं आणि मलाही होतं.

दशरथ मिस्त्रींकडे जाऊन म्हणाला, तेल मी ओतलं. मिस्त्रींनी कशानं ओतलं एवढंच विचारलं. तो म्हणाला, नरसाळ्यानं. मिस्त्रींनी ते टिनावर लिहिलं. खाली लिहिलं, 'हे पटत नाही.' मग धोतराची चारही टोकं सगळ्या भागांवर दुमडली, वर एक वीट ठेवली आणि रोवणीला शेतावर निघून गेले. नवं बेअरिंग आणून ठेवलेलं होतं. साहेबांनी निरोपावर निरोप पाठवले. मिस्त्रींचं एकच उत्तर येई: खोट्या बयानावर बेअरिंग बसत नाही, बसवलं तरी टिकत नाही.

मी दशरथला एकटं गाठून विचारलं, तू हे का केलंस? त्याला सगळं माहीत होतं. गावाहून आल्या दिवशीच त्यानं जीपखाली ठिबकलेला थेंब हुंगला होता.

"तुम्हाले किल्ली कोनं देली? म्या देली ना जी," तो म्हणाला. "माझं तं तिथंच चुकलं. मंग दोघं जन कायले मरायचे?"

हे तो रागानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो टायरमध्ये हवा भरता भरता बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या शेतावर गेलो. बांधीत गुडघाभर चिखल. बाया ओळीनं वाकून रोवणी करत होत्या आणि मिस्त्री बांधावरून धानाच्या रोपांच्या पेंढ्या त्यांच्या मागे फेकत होते, प्रत्येक पेंढी नेमकी हवी तिथे. मी बांधावर उभा राहून म्हणालो की माझं बयान अर्धं राहिलं आहे.

"बोला जी." पेंढ्या फेकणं चालूच.

मी सिहोऱ्यापासून सगळं सांगितलं. जवळच्या दोन बाया हात थांबवून ऐकायला लागल्या.

"किती ओतलं?"

एक लोटा, म्हणालो.

"गाडी तापेल होती का थंडी?"

तापलेली.

"कायनं ओतलं?"

पपईच्या देठानं, म्हणालो. एक बाई पदर तोंडाला लावून हसली. मिस्त्रींच्या हातातली पेंढी मात्र हातातच राहिली.

"सायीत तंतू होते," ते म्हणाले. "हिरवे. दोन दिस पाह्यलं तवा वळखलं. ड्रायव्हर मानूस नरसाळं शोधते, नाही भेटलं तं गाडी उभी ठेवते. पपईचं झाड शोधनारा लय शिकेल पाह्यजे."

म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. मी जरा तडकूनच विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत? दशरथचा जीव टांगणीला लागलाय.

"मले मालूम होतं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पन बयान तुमचं होतं."

आणि पेंढी फेकली.

त्याच दुपारी ते शेडमध्ये आले. माझं बयान टिनावर चढलं, लोट्यासकट, देठासकट. पुढचे काही दिवस मोहाडीत मला कोणी कृषीविषयक प्रश्न विचारला नाही. मिस्त्रींनी गिअरबॉक्स रॉकेलनं तीनदा धुतला, मग नव्या बेअरिंगचा एकेक रोलर ग्रीसच्या बोटानं उचलून धाकल्याच्या भोवती चिकटवत गेले, मोजत, तोंडातल्या तोंडात. एक रोलर कमी भरला तेव्हा सगळे पुन्हा काढून पुन्हा मोजले. तो त्यांच्याच अंगठ्याला चिकटलेला निघाला. ते अंगठ्यावर चिडले.

गाडी तयार झाली तेव्हा साहेब आले. मी त्यांना आदल्या दिवशीच सगळं कबूल केलं होतं आणि ते खूश झाले नव्हते. अधिकाऱ्यानं नियम मोडून गाडी नेली हे वर कळलं तर साहेबांवरही ठपका. त्यापेक्षा माफीनामा तयारच होता. त्यांच्या खिशात होता. त्यांनी दाखल्याचा कागद मिस्त्रींपुढे धरला. त्यावर कारण टाईप करून आणलं होतं, चालकाचा निष्काळजीपणा. खाली फक्त सही करायची. दशरथ बॉनेट पुसत होता, पुसलेलीच जागा.

मिस्त्रींनी कागद वाचला आणि परत दिला.

साहेबांनी समजावलं की तुम्ही कशाला यात पडता, कचेरीचं कचेरी पाहील, तुम्हाला कोणाची बाजू घ्यायची गरज नाही.

"तुमच्याकडून बोलाले तुमची खुर्ची हाये," मिस्त्री म्हणाले. "दशरथकडून बोलाले हे छोटे साहेब आले, उशिरा का होईना. बेअरिंगकडून कोन बोलन? त्याले तं आम्ही भंगारात टाकतो."

साहेब म्हणाले, आधी गाडी तर चालवून दाखवा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मिस्त्रींना गाडी चालवता येत नव्हती. शिकलेच नव्हते. आणि आतून पाहिलेल्या गाडीत ते बसतही नसत. तपासणी अशी व्हायची: ड्रायव्हरनं गाडी चालवायची आणि मिस्त्रींनी एक हात मडगार्डवर ठेवून बाजूनं चालायचं. पहिल्या गिअरात चालत. दुसऱ्या गिअरात पळत. वरच्या गिअरात ते उभे राहायचे आणि गाडी दूर जाताना ऐकायचे. त्या दिवशी बाजार होता, त्यामुळे प्रेक्षकांची कमी नव्हती. दशरथ जीपमध्ये बसला. पहिला गिअर, जरासाही आवाज नाही. दुसरा पडला आणि मिस्त्री धोतराचा काचा मारून, मान तिरपी करून पळायला लागले. भाजीवाल्यांनी टोपल्या मागे ओढल्या. वळून येताना ते पुन्हा पळत आले, दशरथला हातानं थांबवलं आणि धापा टाकत उभे राहिले.

बेअरिंग ठीक होतं. पण दुसऱ्या गिअरात बारीकसा आवाज उरला होता. त्या गिअरचे दातही झिजलेले. मलासुद्धा ऐकू आला. ही झीज जवसाची नव्हती.

मिस्त्रींनी दशरथकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शेडमधून खडू आणला, टिनासमोर उभे राहिले आणि मान न वळवता म्हणाले, "साहेब, तुमचं बयान एकच ओळ हाये."

बाजारातली बरीच माणसं तोवर जवळ आली होती. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मग, मी शपथेवर सांगतो, ते स्वतःहून त्या ड्रमवर बसले. रविवारी, कोणाला न सांगता, तुमसरला साडूकडे नेली होती, म्हणाले. दुसऱ्यातून वर गाडी जाईना. कसं टाकतात ते विसरलो. तशीच दुसऱ्यात नेली. आणताना पण दुसऱ्यातच आणली. एकदा नाही, तीनदा.

मिस्त्रींनी हे सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली शेरा लिहिला नाही. मग दशरथच्या नावाखालचं 'हे पटत नाही' तळहातानं पुसलं, आणि तिथे लिहिलं: 'हा खोटा बोलला. याची चूक नाही.'

साहेबांनी तिन्ही बयानं वरपासून खालपर्यंत वाचली. खिशातून माफीनामा काढला, त्याचे चार तुकडे केले. "दशरथ, तुझी फाईल उद्याच्या डाकेनं जाईल," म्हणाले. गेलीही, दिवाळीच्या आत हुकूम आला. माझ्या सेवापुस्तकात शासकीय वाहनात खाद्यतेल ओतल्याचा शेरा पडला. साहेबांच्या सेवापुस्तकात काही पडलं नाही, पण ती भिंत आठवडाभर पुसली गेली नाही.

तुकडे टाकायला साहेब जागा शोधत होते. मिस्त्रींनी हात पुढे केला, तुकडे घेतले आणि दशरथच्या सहीनं बोटांचं ग्रीस पुसू लागले.

"कागद चांगला होता," ते म्हणाले.